उतारवयातील एडीएचडी

उतारवयातील एडीएचडी म्हणजे वयाच्या साठीच्या आसपास किंवा त्यानंतर प्रथमच ओळखला गेलेला, परंतु बालपणापासून चालत आलेला अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार होय. हा मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार आहे. लक्ष टिकवणे, कामांचा क्रम लावणे, वेळेचा अंदाज बांधणे आणि मनात आलेली ऊर्मी आवरणे या क्षमतांवर त्याचा परिणाम होतो. म्हातारपणी तो नव्याने जडत नाही. आयुष्यभर सांभाळून घेतलेली उणीव निवृत्ती, वैधव्य किंवा आजारपण यांमुळे उघडी पडते, असे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत आढळते. त्यामुळे निदान करताना 'काय विसरता?' या प्रश्नापेक्षा 'केव्हापासून विसरता?' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर चुकल्यास जन्मजात वेंधळेपणाला स्मृतिभ्रंश समजले जाते, किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात 'स्वभावच तसा' म्हणून दुर्लक्षित राहते.

संशोधनात 'उतारवय' या शब्दाची मर्यादा एकसारखी नाही. काही अभ्यासांत ५० वर्षांपुढील, तर काहींत ६० किंवा ६५ वर्षांपुढील व्यक्तींचा समावेश केलेला असतो.

नाव

मराठीत या विकाराला एकच रूढ नाव नाही. अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार, अवधान-अस्थिरता, अतिक्रियाशीलता अशी निरनिराळी नावे पुस्तकांत व वृत्तपत्रांत आढळतात. बोलण्यात मात्र 'एडीएचडी' हे इंग्रजी आद्याक्षरांचे रूपच अधिक चालते. 'अतिचंचल' या विशेषणामुळे डोळ्यांसमोर धावणारे, बाकावर न बसणारे मूल उभे राहते. सत्तर वर्षांच्या, गुडघेदुखीने खुर्चीत बसून असलेल्या माणसाला हे विशेषण लागू पडेल असे कोणाला वाटत नाही. विकार म्हातारपणी न ओळखला जाण्यास हे नावही थोडेफार कारणीभूत आहे.

इतिहास

लक्ष न टिकण्याच्या अवस्थेचे वैद्यकीय वर्णन स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन यांनी १७९८ साली आपल्या ग्रंथात केले. अशी अवस्था जन्मतःच असू शकते आणि वय वाढेल तसतशी ती सहसा कमी होते, असे त्यांचे मत होते. जर्मन वैद्य हाइनरिश हॉफमान यांच्या बालपुस्तकातील, जेवणाच्या टेबलाशी सतत चुळबूळ करणारा फिलिप हे पात्र १८४० च्या दशकातले. पुढे १९०२ साली लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी दिलेल्या व्याख्यानांपासून या विकाराचा आधुनिक इतिहास सुरू होतो, असे सामान्यतः मानले जाते. यांतील शेवटच्या दोन ठिकाणी चर्चेचा विषय प्रामुख्याने मूल हाच होता.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९६८) या विकाराला 'बालपणातील अतिचंचल प्रतिक्रिया' असे नाव होते आणि किशोरवयात ती बहुधा ओसरते असे नमूद केले होते. त्याच सुमारास शाळेत असलेली पिढी आज साठी-सत्तरीत आहे. म्हणजे आजच्या ज्येष्ठांच्या बालपणी हा विकार फारसा ठाऊक नव्हता आणि जेथे ठाऊक होता तेथेही तो मोठेपणी उरत नाही असाच समज होता. तिसऱ्या आवृत्तीत (१९८०) अवधानाच्या कमतरतेला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि अतिचंचलतेशिवायही हा विकार असू शकतो हे मान्य झाले. एडीएचडी हे नाव १९८७ मध्ये आले. अमेरिकेतील युटा येथे पॉल वेंडर यांनी १९७० च्या दशकापासून प्रौढांमधील विकाराचा अभ्यास केला. पाचव्या आवृत्तीत (२०१३) लक्षणे वयाच्या ७ ऐवजी १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावीत, असा बदल झाला. १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणातही हा विकार मेंदूविकासाच्या विकारांत गणला आहे.

प्रमाण

नेदरलँड्समधील ६० वर्षांपुढील व्यक्तींच्या पाहणीत (२०१२) पूर्ण निकष लागू होणाऱ्यांचे प्रमाण २.८ टक्के आढळले. ५० वर्षांपुढील व्यक्तींवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०२० साली केलेल्या विश्लेषणात, प्रश्नावलीने शोध घेतला असता हे प्रमाण सुमारे २.२ टक्के निघाले. याच वयोगटात प्रत्यक्ष वैद्यकीय निदान झालेले सुमारे ०.२३ टक्के होते आणि औषधोपचार घेणारे ०.०९ टक्के. प्रश्नावली आणि वैद्यकीय निदान या भिन्न गोष्टी असल्याने आकड्यांची थेट तुलना जपूनच करावी लागते. तरीही विकार असणारे आणि उपचारापर्यंत पोहोचणारे यांत फार मोठे अंतर आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

कारणे

विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून तो सुमारे ७४ टक्के असल्याचे मानले जाते. डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनांचे कार्य आणि मेंदूच्या अग्रभागातील जाळी यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. वाढत्या वयात याच यंत्रणेची क्षमता सर्वांमध्येच थोडी कमी होते. ज्यांच्याकडे मुळातच शिल्लक कमी होती त्यांना ही घट अधिक जाणवत असावी. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेनचे प्रमाण घटते. त्याचा डोपामिनच्या कार्याशी संबंध असल्याने लक्षणे तीव्र झाल्याचा अनुभव अनेक स्त्रिया सांगतात, मात्र याविषयीचे संशोधन अजून तोकडे आहे.

आनुवंशिकतेमुळे निदानाची एक उलटी वाटही दिसते. नातवाला किंवा नातीला शाळेत अडचण येते, तज्ज्ञ प्रश्नावली भरून घेतात, आणि ती वाचताना आजोबांना किंवा आजीला प्रत्येक ओळीत स्वतःचे बालपण दिसते. घरातील तिसऱ्या पिढीचे निदान पहिल्या पिढीपर्यंत अशा रीतीने पोहोचते.

उतारवयातील स्वरूप

वयाबरोबर लक्षणांचे बाह्य रूप बदलते. धावपळ थांबते आणि चुळबूळ आत जाते. स्वस्थ बसले तरी आतून घाई चालू आहे, असे अशा व्यक्ती सांगतात. रांगेत थांबणे जड जाते, समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी उत्तर तोंडातून बाहेर पडते, चित्रपट किंवा कीर्तन शेवटपर्यंत ऐकवत नाही. अवधानाची अडचण मात्र फारशी ओसरत नाही. चहाचे आधण ठेवून फोन घेतला की आधण विसरते. तीन कामे सुरू होतात आणि एकही संपत नाही. वाचायला काढून ठेवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे साचतात. विजेचे बिल भरण्याइतके पैसे खात्यात असूनही मुदत टळते. याउलट आवडीच्या कामात, मग ते जुना रेडिओ उघडणे असो की बागकाम, तासन्तास भान राहत नाही. 'हवे तेव्हा बरोबर लक्ष लागते' हा घरच्यांचा आरोप या विसंगतीतून येतो. लक्ष कोठे लावायचे याचे नियंत्रण क्षीण असणे हेच या विकाराचे मर्म असल्याने, ही विसंगती निदानाच्या विरोधात जात नाही.

हा विकार असलेली माणसे पन्नास-साठ वर्षे शिकली, नोकरी केली, संसार केला, तर मग विकार होता कोठे, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा त्यांच्या भोवतालच्या रचनेत सापडते. शाळेची घंटा, कचेरीतील हजेरीपत्रक, वरिष्ठांनी दिलेली मुदत, ठरलेली लोकल गाडी या साऱ्या गोष्टी दिवसाला बाहेरून आकार देतात. घरात औषधे, हप्ते, लग्नकार्याच्या तारखा, किल्ल्या हे सर्व सांभाळणारा जोडीदार असतो. त्या व्यक्तीचे निम्मे नियोजन प्रत्यक्षात दुसऱ्याच्या डोक्यात चाललेले असते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत बहुतांश पदांसाठी निवृत्तीचे वय ५८ आहे. त्या दिवशी घंटा आणि हजेरीपत्रक दोन्ही सुटतात. पुढे जोडीदार गेला तर दुसरा आधारही जातो. वर्षाच्या आत घर विस्कटते आणि 'बाबांना हल्ली काही आठवत नाही' अशी तक्रार घेऊन मुले डॉक्टरांकडे येतात. दुःख, नैराश्य आणि जुना विकार यांची येथे इतकी गुंतागुंत असते की एका भेटीत ती सुटत नाही.

ज्येष्ठ स्त्रियांमध्ये विकार ओळखला जाण्याची शक्यता आणखी कमी असते. वर्गात गडबड करणारा मुलगा शिक्षकांच्या नजरेत भरतो, तर खिडकीबाहेर पाहत शांत बसलेली मुलगी 'स्वप्नाळू' ठरून मागे राहते. घरकामातील गोंधळाकडेही पुढे कर्तव्यातील कसूर म्हणून पाहिले जाते.

दीर्घकाळ निदान न झाल्याचे परिणाम लक्षणांपुरते राहत नाहीत. अपुरे राहिलेले शिक्षण, वारंवार बदललेल्या नोकऱ्या, तुटलेली नाती, आर्थिक ओढाताण यांचे प्रमाण या गटात अधिक असते. ज्येष्ठांमध्ये या विकाराची लक्षणे आणि नैराश्य, चिंता व एकटेपणा यांचा संबंध नेदरलँड्समधील अभ्यासांत दिसून आला आहे. 'आळशी', 'बेजबाबदार' हे शब्द सहा दशके ऐकल्यावर ते माणसाला स्वतःबद्दलचे सत्य वाटू लागतात.

निदान

या विकाराचे निदान करणारी रक्तचाचणी किंवा मेंदूचे छायाचित्र उपलब्ध नाही. मनोविकारतज्ज्ञ सविस्तर मुलाखतीतून निदान करतात. जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची प्रौढांसाठीची स्वयंमूल्यांकन प्रश्नावली चाळणीसाठी वापरली जाते. तिच्यातील पहिले सहा प्रश्न प्राथमिक तपासणीस पुरेसे मानले जातात. चाळणीत अडकणे म्हणजे निदान नव्हे. शिवाय बहुतेक साधने तरुण प्रौढांवर पारखलेली आहेत, आणि धावणे, चढणे, नोकरीतील चुका अशी उदाहरणे निवृत्त व्यक्तीला लागू होत नाहीत.

खरी अडचण बालपणाच्या पुराव्याची असते. निकषांनुसार लक्षणे १२ वर्षांपूर्वी असायला हवीत, परंतु सत्तरीतील व्यक्तीचे आईवडील बहुधा हयात नसतात. मोठी भावंडे, बालमित्र किंवा गावाकडील नातेवाईक यांच्याकडे चौकशी करता येते. शाळेचे प्रगतिपुस्तक जपलेले असल्यास त्यातील शेऱ्यांचा उपयोग होतो. 'बुद्धिमान आहे, पण लक्ष देत नाही' हा शेरा त्या काळच्या शिक्षकांनी असंख्य पुस्तकांत लिहिला आहे. मात्र अनेक घरांत जपून ठेवलेली असते ती शालान्त परीक्षेची गुणपत्रिका, आणि तिच्यावर केवळ गुण असतात, वागणुकीची नोंद नसते. अशा वेळी घरात टिकून राहिलेली टोपणनावे आणि किस्से कामी येतात. पन्नास वर्षांपूर्वी 'धांदरट', 'विसरभोळा' किंवा 'भिरभिऱ्या' असे नाव पडले असेल, जत्रेत चपला हरवल्याची गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली जात असेल, तर प्रवृत्ती जुनी असल्याचा तो एक दुवा ठरतो. अर्थात केवळ आठवणींवर भिस्त ठेवता येत नाही, कारण आजच्या अडचणींच्या प्रकाशात माणूस आपले बालपणही नव्याने रंगवतो.

मोठेपणीच सुरू होणारा एडीएचडी असतो का, हा वादाचा मुद्दा आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. वयाच्या ३८ व्या वर्षी विकाराची लक्षणे असलेल्यांपैकी बहुतेकांना बालपणी तो नव्हता, असे त्यात आढळले (२०१५). नंतरच्या काही संशोधकांनी अशा उशिरा दिसणाऱ्या लक्षणांमागे बहुधा व्यसन, इतर मनोविकार किंवा दृष्टीआड झालेली बालपणीची लक्षणे असतात असे दाखवले. साठीनंतर पहिल्यांदाच आलेल्या विस्मरणाला मात्र एडीएचडी म्हणू नये, यावर फारसे दुमत नाही.

म्हणून इतर कारणे आधी तपासावी लागतात. त्यांत थायरॉइडचे विकार, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य, ऐकू कमी येणे आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही प्रमुख आहेत. शेवटचे कारण महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुण्यातील मध्यमवयीन पुरुषांच्या एका अभ्यासात (२००६) सुमारे दोन-तृतीयांश व्यक्तींमध्ये बी-१२ ची पातळी कमी आढळली होती. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीवरील काही औषधे आणि लघवीच्या तक्रारींवरील काही औषधे यांमुळेही वृद्धांचे लक्ष मंदावते. चालू औषधांची पूर्ण यादी तपासणे हा कधीकधी सर्वांत स्वस्त उपचार ठरतो. तपासणीस जाताना चिठ्ठीऐवजी औषधांची पिशवीच सोबत न्यावी. चिठ्ठीत न लिहिलेल्या गोळ्या त्या पिशवीतच सापडतात.

स्मृतिभ्रंशाशी तुलना

एडीएचडीतील विस्मरण बहुधा नोंदच नीट न झाल्यामुळे होते. किल्ल्या ठेवताना लक्ष दुसरीकडे होते, म्हणून जागा आठवत नाही. सूचक शब्द दिला किंवा प्रसंगाचा धागा दाखवला की आठवण बरेचदा परत येते. अल्झायमर रोगात नवी माहिती साठवण्याची यंत्रणाच बिघडते, त्यामुळे सूचनेचा फारसा उपयोग होत नाही आणि अख्खा प्रसंग पुसला जातो. तोच प्रश्न काही मिनिटांनी पुन्हा विचारणे, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणे, नेहमीच्या वस्तूंची नावे न सापडणे, हिशेबात चोख असलेल्या माणसाला सुटे पैसे मोजता न येणे ही चिन्हे एडीएचडीची नाहीत. आणखी एक फरक तक्रार कोण करतो यात दिसतो. एडीएचडी असलेली व्यक्ती सहसा स्वतःच त्रस्त असते. स्मृतिभ्रंशात अनेकदा घरचे काळजीत असतात आणि रुग्णाला मात्र काही वावगे वाटत नाही. अग्रललाटी स्मृतिभ्रंशात तर विस्मरणाआधी वागणे बदलते. संकोच सुटतो, उतावळेपणा येतो. तेथेही पूर्वीचा स्वभाव कसा होता हेच विचारावे लागते.

दोन्ही विकार एकाच व्यक्तीत असू शकतात, आणि निदानातील सर्वांत अवघड जागा हीच आहे. इस्राएलमधील १,०९,२१८ व्यक्तींच्या १७ वर्षांपर्यंतच्या नोंदींवर आधारित अभ्यासात (२०२३), प्रौढपणी एडीएचडीचे निदान झालेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका २.७७ पट आढळला. उत्तेजक औषधे घेणाऱ्यांमध्ये अशी वाढ स्पष्टपणे दिसली नाही. यावरून एडीएचडीमुळे स्मृतिभ्रंश होतो किंवा औषधाने तो टळतो असा निष्कर्ष काढता येत नाही. स्मृतिभ्रंशाची पहिली लक्षणेच काही जणांत एडीएचडी म्हणून नोंदली गेली असण्याची शक्यता उरते. शंका असेल तेथे सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने स्मरणचाचण्या पुन्हा घेतात. एडीएचडीतील गुण बहुधा स्थिर राहतात, स्मृतिभ्रंशात ते घसरत जातात.

उपचार

प्रौढांसाठी मिथाइलफेनिडेट व ॲम्फेटामाइन गटातील उत्तेजक औषधे अधिक परिणामकारक मानली जातात. मिथाइलफेनिडेट हे १९४४ साली स्विस रसायनशास्त्रज्ञ लिअँड्रो पानिझॉन यांनी तयार केले. त्याचे 'रिटालिन' हे व्यापारी नाव त्यांच्या पत्नीच्या रिटा या नावावरून पडले. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक गटाबाहेरचे औषध आहे. यांच्या चाचण्यांत ६५ वर्षांपुढील व्यक्ती क्वचितच घेतल्या गेल्याने, ज्येष्ठांसाठीचे मार्गदर्शन पुष्कळसे तरुण प्रौढांवरील अनुभवातून आलेले आहे. अर्थात मिथाइलफेनिडेट वार्धक्यवैद्यकाला अगदी अपरिचित नाही. अल्झायमर रुग्णांमधील निरिच्छतेवर त्याची २०० रुग्णांत चाचणी होऊन २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते.

उत्तेजक औषधांनी नाडीची गती व रक्तदाब काहीसे वाढतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ६६ वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या अभ्यासात (२०२१), औषध सुरू केल्यावर पहिल्या ३० दिवसांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला दिसला. १८० व ३६५ दिवसांच्या मोजणीत ही वाढ आढळली नाही. म्हणून औषधापूर्वी हृदयविकाराचा इतिहास, रक्तदाब आणि आवश्यकतेनुसार हृदयालेख तपासतात, अल्प मात्रेने सुरुवात करून ती सावकाश वाढवतात, आणि पहिल्या महिन्यात विशेष लक्ष ठेवतात. काचबिंदूच्या काही प्रकारांत ही औषधे टाळतात. ॲटोमॉक्सेटिनमुळे लघवी अडू शकते, ही बाब प्रोस्टेटची तक्रार असलेल्या पुरुषांत महत्त्वाची आहे. नैराश्यावरील पॅरॉक्सेटिनसारख्या काही औषधांबरोबर त्याची रक्तातील पातळी वाढते. क्लोनिडिन व ग्वानफासिन यांनी रक्तदाब उतरून तोल जाण्याची व पडण्याची भीती असते. ब्राह्मी, शंखपुष्पी इत्यादींची जाहिरात सर्रास होत असली, तरी ज्येष्ठांच्या एडीएचडीवर त्या गुणकारी असल्याचा पुरेसा पुरावा नाही.

औषधाविना करावयाच्या उपायांत बोधात्मक वर्तनोपचारास प्रौढांमध्ये चांगला आधार मिळाला आहे. त्यात विचारांबरोबरच नियोजनाचे प्रत्यक्ष शिक्षण दिले जाते. हरपलेली बाह्य रचना पुन्हा उभी करणे हा त्याचा गाभा होय. सात दिवसांच्या कप्प्यांची औषधपेटी, दाराजवळ किल्ल्यांसाठी एकच खुंटी, ठरावीक वेळी वाजणारा गजर, बिलांचा आपोआप भरणा, गॅसजवळ वेळमापक अशा साध्या योजना त्यात येतात. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो राहिल्यास वेतन अडते. अशा वार्षिक कामांसाठी एका ठरलेल्या नातेवाइकाने आठवण करून देण्याची व्यवस्था उपयोगी पडते. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही अंकीय सुविधाही उपलब्ध आहे. मात्र आठवण करून देणारी व्यक्ती आणि टोचून बोलणारी व्यक्ती एकच असेल तर योजना फार दिवस चालत नाही. जोडीदाराला विकाराची माहिती देणे हा म्हणूनच उपचाराचा भाग धरतात.

निदानानंतर अनेकांना प्रथम सुटकेची भावना येते आणि पाठोपाठ हळहळ वाटते. हेच चाळीस वर्षांपूर्वी कळले असते तर, असा विचार मनात येतो. या शोकाला उपचारात जागा द्यावी लागते. केवळ गोळी देऊन रुग्णास परत पाठवल्यास तो दुर्लक्षित राहतो.

भारतातील परिस्थिती

भारतात मिथाइलफेनिडेट हे १९८५ च्या अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली आणि औषध नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत येते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. त्यामुळे ते सर्व दुकानांत मिळत नाही, आणि दर महिन्याला नवी चिठ्ठी व प्रवास ज्येष्ठांना जड जातो. नियोजनच ज्याला जमत नाही अशा रुग्णाकडून उपचारासाठी सर्वाधिक नियोजनाची अपेक्षा केली जाते, हा या व्यवस्थेतील विरोधाभास होय. ॲटोमॉक्सेटिन तुलनेने सहज मिळते. ॲम्फेटामाइन गटातील औषधे या विकारासाठी भारतात सर्वसाधारणपणे वापरली जात नाहीत.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, परंतु एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. विकाराविषयीच्या सेवा मुख्यतः बालमार्गदर्शन केंद्रांभोवती एकवटल्या आहेत, तर वृद्धांसाठीच्या स्मृती-चिकित्सालयांचा रोख स्मृतिभ्रंशावर असतो. उतारवयातील एडीएचडीचा रुग्ण या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत सापडतो. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकार विभागांत प्राथमिक तपासणी होऊ शकते. केंद्र शासनाच्या ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन मिळते व पुढील उपचारांसाठी जवळच्या केंद्राची माहिती दिली जाते.